भूकवचातील प्रतिबल : मापन, अनुमान आणि कोयनेचा प्रश्न – एक समीक्षा

सारांश

भूकवचातील प्रतिबल ही भूकंपाच्या अभ्यासातील मध्यवर्ती संकल्पना आहे. मात्र ही राशी थेट मोजता येत नाही. तिचे मूल्य नेहमी अनुमानाने काढावे लागते. प्रस्तुत लेखात या अनुमानाच्या प्रमुख पद्धतींचा परामर्श घेतला आहे. त्यांच्या मर्यादा लक्षात घेऊन कोयना व किल्लारी येथील भूकंपांविषयी सातत्याने केल्या जाणाऱ्या विधानांची तपासणी केली आहे. प्रतिबलाच्या मापनातील अनिश्चितता ही भूकंपाला चालना देणाऱ्या बदलापेक्षा पुष्कळ मोठी असते. त्यामुळे धरणाला संपूर्ण दोष देणारे आणि धरणाला संपूर्ण निर्दोष ठरवणारे, असे दोन्ही निष्कर्ष शास्त्रीयदृष्ट्या टिकत नाहीत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रतिबल, विकृती, भ्रंश, जलदाब, कोयना, किल्लारी

१. प्रास्ताविक

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसर ६.३ परिमाणाच्या भूकंपाने हादरला. आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार ही नोंद १० डिसेंबरची आहे व भूकंपशास्त्रीय वाङ्मयात तीच तारीख आढळते. या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि धरणाच्या भिंतीला तडे गेले. दख्खनचे पठार हा भूकंपदृष्ट्या स्थिर प्रदेश आहे, ही तोवरची समजूत त्या पहाटे मोडली. शिवाजीसागर जलाशय भरण्यास आरंभ होऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. साहजिकच, धरणामुळे भूकंप झाला काय, हा प्रश्न तेव्हापासून महाराष्ट्रात विचारला जात आहे.

या प्रश्नावर विपुल लेखन झाले आहे. हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचा धरणे आणि भूकंप यांच्या संबंधावरील १९७६ मधील इंग्रजी ग्रंथ कोयनेच्या अनुभवाला जागतिक चर्चेत स्थान देणारा ठरला. असे असले तरी आपल्याकडील सर्वसामान्य चर्चा, आणि पुष्कळदा महाविद्यालयीन अध्यापनही, "होय" किंवा "नाही" या दोन उत्तरांतच अडकून राहिलेले दिसते. या दोन्ही उत्तरांमागे एक गृहीतक दडलेले असते. ते असे की, जमिनीखालील प्रतिबल किती आहे, हे आपणांस ठाऊक आहे किंवा सहज ठाऊक करून घेता येईल. हे गृहीतक कितपत ग्राह्य आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

२. संज्ञेचा प्रश्न

प्रथम संज्ञेचा विचार करणे आवश्यक आहे. पारिभाषिक लेखनात 'प्रतिबल' आणि 'विकृती' हे दोन शब्द वापरले जातात. एकक क्षेत्रफळावर पदार्थाच्या अंतर्भागात कार्य करणारे बल म्हणजे प्रतिबल, आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात वा आकारमानात होणारा सापेक्ष बदल म्हणजे विकृती. वृत्तपत्रीय लेखनात मात्र या दोहोंसाठी 'ताण' हा एकच शब्द योजला जातो. त्यातून दोन गैरसमज उद्भवतात.

पहिला गैरसमज दिशेविषयीचा आहे. मराठीत ताणणे म्हणजे ओढणे. दोरी ताणली जाते, चादर ताणली जाते. भूकवचात काही किलोमीटर खोलीवरचा खडक मात्र जवळजवळ सर्वत्र चहूबाजूंनी दाबलेला असतो. एका दिशेचा दाब अधिक आणि दुसऱ्या दिशेचा कमी, एवढाच तेथे फरक असतो. खडक मोडतो तो या फरकामुळे.

दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. "ताण साठत जातो आणि एके दिवशी बाहेर पडतो" या वाक्यप्रयोगामुळे प्रतिबल ही भांड्यात साठणाऱ्या पाण्यासारखी एखादी वस्तू आहे, असे वाटू लागते. वस्तुतः साठते ती खडकाच्या लवचीक विकृतीतील ऊर्जा. प्रतिबल ही त्या त्या बिंदूपाशी, त्या त्या दिशेच्या पातळीवर कार्य करणारी राशी आहे. फ्रेंच गणितज्ञ कोशी यांनी १८२० च्या दशकात या राशीला जे गणिती रूप दिले, त्यानुसार एका बिंदूवरील प्रतिबल सांगण्यासाठी सहा स्वतंत्र संख्या लागतात. तापमान सांगावयास एक संख्या पुरते; प्रतिबलाचे तसे नाही. "येथे प्रतिबल किती?" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारा मनुष्य उरलेल्या पाच संख्यांविषयी काही ना काही गृहीत धरीत असतो.

३. अनुमानाच्या पद्धती

प्रतिबल दिसत नाही आणि कोणतेही उपकरण ते थेट नोंदवीत नाही. उपकरणे नोंदवितात ती विस्थापन, विकृती, द्रवाचा दाब किंवा कंपनाची दिशा. त्यावरून गृहीतकांच्या साहाय्याने प्रतिबल काढले जाते. या पद्धतींपैकी चार येथे विचारात घेतल्या आहेत.

पहिली पद्धत खाणींतून व बोगद्यांतून विकसित झाली. खडकाचा एक गाभा भोवताली गोल छेद घेऊन मोकळा केला की तो किंचित प्रसरण पावतो. ते प्रसरण मोजून, खडकाची लवचीकता ज्ञात आहे असे मानून, मूळचा दाब काढता येतो. स्वीडनमधील निल्स हास्ट यांनी १९५० च्या दशकात स्कँडिनेव्हियातील खाणींत अशा प्रकारची मापने केली. क्षितिजसमांतर दाब हा वरील खडकाच्या भारापेक्षा पुष्कळ ठिकाणी अधिक असल्याचे त्यांत आढळले. कवचातील प्रतिबल केवळ वरच्या वजनातून निर्माण होत नाही, याचा तो महत्त्वाचा पुरावा होता.

दुसरी पद्धत जलदाबाने खडक फोडण्याची. विंधन-छिद्राचा एक भाग बंद करून त्यात पाणी दाबाने सोडले जाते. ज्या दाबाला भेग पडते आणि ज्या दाबाला ती पुन्हा मिटते, त्यांवरून लघुतम क्षितिजसमांतर प्रतिबल काढतात. हबर्ट व विलिस यांनी १९५७ मध्ये या पद्धतीचा तात्त्विक पाया घातला. लघुतम प्रतिबल या पद्धतीने बऱ्यापैकी विश्वासार्हपणे मिळते. महत्तम प्रतिबलासाठी मात्र अधिक गृहीतकांचा आधार घ्यावा लागतो.

तिसरी पद्धत छिद्राच्या भिंतीवरच्या पडझडीची. बेल व गॉफ यांनी १९७९ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या तेलविहिरींच्या अभ्यासातून असे दाखवून दिले की, गोल छिद्राच्या भिंती ठराविक दिशेने ढासळून छिद्र लांबट होते आणि ही दिशा महत्तम क्षितिजसमांतर दाबाला काटकोनात असते. येथे दिशा स्पष्ट मिळते. मूल्य काढावयाचे तर खडकाचे सामर्थ्य ठाऊक असावे लागते.

चौथी पद्धत खुद्द भूकंपाची. निरनिराळ्या केंद्रांवर पहिली हालचाल खेचणारी होती की ढकलणारी, यावरून भ्रंशाची दिशा आणि त्यावरील सरकण्याचा प्रकार ठरविता येतो. अँडरसन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे ग्रंथरूपाने विस्तारलेल्या विचारानुसार, तीन मुख्य प्रतिबलांपैकी एक उभे असते असे मानल्यास भ्रंशांचे तीन प्रकार संभवतात. उभा दाब सर्वाधिक असेल तर वरचा खंड खाली घसरतो. उभा दाब लघुतम असेल तर वरचा खंड वर चढतो. आणि तो मधला असेल तर दोन खंड एकमेकांच्या बाजूने आडवे सरकतात. ही मांडणी आजही अभ्यासाचा प्रारंभबिंदू आहे. तथापि भूकंप हा पुष्कळदा जुन्या, आधीच कमजोर झालेल्या भ्रंशावर होतो. अशा भ्रंशाची दिशा आजच्या प्रतिबलाशी तंतोतंत जुळतेच असे नाही. म्हणून एकाच भूकंपावरून काढलेली दिशा सावधपणेच स्वीकारावी लागते.

उभ्या प्रतिबलाचे गणित त्या मानाने सोपे आहे. ते वरच्या खडकाच्या भाराइतके धरले जाते. ग्रॅनाइटसारख्या खडकात ते दर किलोमीटरला सुमारे २६ ते २७ मेगापास्कल वाढते. पाच किलोमीटर खोलीवर ते सुमारे १३० मेगापास्कल होते. हा आकडा पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

४. जागतिक नकाशा आणि त्याची मर्यादा

वर उल्लेखिलेल्या पद्धतींनी मिळालेली माहिती एकत्र करण्याचा मोठा प्रयत्न १९८६ मध्ये मेरी लू झोबॅक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. 'जागतिक प्रतिबल नकाशा' या नावाने तो ओळखला जातो आणि पुढे जर्मनीतील पोट्सडाम येथील भूविज्ञान संशोधन केंद्राने तो चालविला. २०१६ च्या आवृत्तीत ४२ हजारांहून अधिक नोंदी होत्या. या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक नोंदीस विश्वासार्हतेची श्रेणी दिलेली असते. पहिल्या श्रेणीच्या नोंदीतही दिशेची अनिश्चितता १५ अंशांपर्यंत मान्य केलेली आहे आणि चौथ्या श्रेणीत ती ४० अंशांपर्यंत जाते. आपल्या ज्ञानाची अनिश्चितता आकड्यांत नोंदविणारा हा नकाशा म्हणून आदर्श मानावा लागेल.

या नकाशातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. भूपट्टांच्या अंतर्भागात हजारो किलोमीटरपर्यंत महत्तम दाबाची दिशा बऱ्याच अंशी एकसारखी असते आणि पट्टांना ढकलणाऱ्या बलांशी तिचा मेळ बसतो. भारतीय उपखंडापुरते हे काम गौड, श्रीरामा राव आणि गौर यांनी १९९२ मध्ये केले. द्वीपकल्पाच्या मध्यभागात महत्तम क्षितिजसमांतर दाब साधारणपणे उत्तर-ईशान्य दिशेला असल्याचे त्यांनी दाखविले. भारतीय पट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयापाशी अडतो, त्या अडथळ्याचा दाब मागे सह्याद्रीपर्यंत पोचतो, असा याचा अर्थ लावला जातो.

परंतु हा नकाशा प्रामुख्याने दिशांचा आहे, मूल्यांचा नाही. आपल्या अध्यापनात या दोहोंत गल्लत होते. कोठल्या बाजूने दाब येतो, हे सांगता आले म्हणजे किती दाब आहे, हे सांगता आले असे होत नाही.

मूल्यांबाबत जी काही सामान्य समज आहे, ती घर्षणाच्या अभ्यासातून आली. बायर्ली यांनी १९७८ मध्ये असे दाखविले की, बहुतेक खडकांचा घर्षणांक ०.६ ते ०.८५ या मर्यादेत असतो. त्यापुढे, जर्मनीत १९९४ मध्ये ९,१०१ मीटर खोलीपर्यंत नेलेल्या छिद्रातील मापने याच घर्षणाशी जुळणारी आढळली. तेथे खोलवर पाणी सोडले असता सभोवतालच्या दाबाच्या मानाने अत्यल्प वाढीनेही सूक्ष्म भूकंप झाले. यावरून मार्क झोबॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष मूलगामी आहे. स्थिर मानलेल्या प्रदेशातही कवच हे मोडण्याच्या सीमेलगतच असते, असा तो निष्कर्ष होय. कोयनेचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा.

५. कोयना : तीन विधानांची तपासणी

(अ) "धरणाच्या पाण्याच्या वजनाने भूकंप झाला." कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. शंभर मीटर पाण्याचा तळाशी पडणारा दाब सुमारे १ मेगापास्कल होतो. पाच किलोमीटर खोलीवर खडकाचा स्वतःचा भार १३० मेगापास्कल असताना, जलाशयाचा भार विखुरत खाली पोचेपर्यंत १ मेगापास्कलपेक्षाही पुष्कळ कमी उरतो. ६.३ परिमाणाच्या भूकंपातील ऊर्जा या भारातून आली, असे म्हणता येत नाही. ती ऊर्जा पट्टांच्या हालचालीतून दीर्घकाळ साठत आलेली होती. १९६७ च्या भूकंपात उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशेच्या भ्रंशावर खडकाचे खंड आडवे, डाव्या बाजूस सरकले. वर उल्लेखिलेल्या प्रादेशिक दाबाशी हा प्रकार सुसंगत आहे.

(आ) "धरणाचा भार एवढा क्षुल्लक असल्याने धरणाचा संबंध नाही." पहिल्या विधानाच्या खंडनातून हे दुसरे विधान निघते आणि तेच अधिक दिशाभूल करणारे आहे. यातील तुलनाच चुकीची आहे. जलाशयाने केलेला बदल एकूण प्रतिबलाच्या किती टक्के आहे, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. तो बदल भ्रंश सरकण्यास शिल्लक असलेल्या अंतराच्या मानाने किती आहे, हा खरा प्रश्न होय. कवच जर सीमेलगतच उभे असेल, तर शिल्लक अंतर काही भ्रंशांवर अत्यल्प असणार. शिवाय पाणी केवळ वजनाने काम करीत नाही. ते भेगांतून खाली झिरपते, भ्रंशाच्या दोन पृष्ठभागांमधील पाण्याचा दाब वाढविते आणि त्या पृष्ठभागांना एकमेकांवर घट्ट धरणारा परिणामी दाब त्या प्रमाणात घटतो. घर्षण कमी होते आणि सरकणे सुलभ होते.

हे केवळ तर्कशास्त्र नव्हे. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी सोडण्यात आले, तेव्हा तेथे भूकंपांची मालिका सुरू झाली. त्यानंतर त्याच राज्यातील रँगली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात शास्त्रज्ञांनी पाण्याचा दाब हेतुपुरस्सर वाढवून व कमी करून पाहिला. दाब ठराविक मर्यादेपुढे गेला की भूकंप वाढत व खाली आणला की थांबत. प्रतिबलाच्या मापनावरून ती मर्यादा आधी वर्तविता आली होती, हे त्या प्रयोगाचे मोठे यश. कोयनेतही पावसाळ्यानंतर धक्क्यांच्या संख्येत होणारी वाढ, १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यानंतर दक्षिणेकडे सरकलेले धक्क्यांचे क्षेत्र आणि पाण्याची पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा वेगाने चढण्याशी ५ वा अधिक परिमाणाच्या भूकंपांचा गुप्ता यांनी दाखविलेला संबंध, या सर्व गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवितात. अर्थात, ती अट आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हेही गुप्ता यांनीच नमूद केले आहे.

मॅकगार व सिम्प्सन यांनी १९९७ मध्ये या संदर्भात एक उपयुक्त भेद केला. मानवी कृतीने प्रतिबलातील बदलाचा मोठा वाटा उचलला असेल तर भूकंप 'प्रेरित' म्हणावा. मोठा वाटा निसर्गाचा आणि केवळ अखेरचा अल्प वाटा मानवी कृतीचा असेल तर तो 'उद्दीपित' म्हणावा. कोयनेचे भूकंप दुसऱ्या वर्गात मोडतात. मात्र 'उद्दीपित' म्हणजे 'जबाबदारी नाही' असा अर्थ काढणे योग्य नव्हे. भूकंप केव्हातरी झालाच असता, हे मान्य केले तरी तो १९६७ मध्येच झाला असता, असे म्हणण्यास आधार नाही. शंभर वर्षांनी होणारा भूकंप आज होणे, ही आज त्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नाही.

(इ) "लहान धक्के होत राहिल्याने ताण मोकळा होतो व मोठा भूकंप टळतो." हे विधान प्रत्येक धक्क्यानंतर दिलासा म्हणून केले जाते. याची तपासणी साध्या गणिताने होते. परिमाण एकाने वाढले की भूकंपात मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६.३ परिमाणाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मुक्त होण्यास ३.३ परिमाणाचे सुमारे ३२ हजार भूकंप व्हावे लागतील. प्रतिबलाच्या बाजूने पाहिले तरी हा दिलासा टिकत नाही. लहान भूकंप भ्रंशाच्या एका लहान तुकड्यावरचे प्रतिबल उतरवितो. त्या तुकड्याच्या कडांना ते उलट वाढते. कोयना परिसरात १९६७ नंतरही ५ किंवा अधिक परिमाणाचे भूकंप वारंवार होत राहिले, ही वस्तुस्थिती या संदर्भात बोलकी आहे.

६. खोल छिद्र आणि अनिश्चितता

आतापर्यंतचे बहुतेक विवेचन जमिनीवरून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले होते. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कोयना परिसरात खोल विंधनाचा प्रकल्प हाती घेतला व त्यासाठी कराड येथे प्रयोगशाळा उभारली. २०१७ मध्ये सुमारे ३ किलोमीटर खोलीचे पथदर्शी छिद्र पूर्ण झाले. तेथे सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या बेसाल्टच्या थरांखाली थेट ग्रॅनाइटी पायाचा खडक लागला. भूकंप याच पायाच्या खडकात होतात. भूकंपक्षेत्राच्या इतक्या जवळ जाऊन प्रतिबलाचे, पाण्याच्या दाबाचे व तापमानाचे मापन करण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध झाली आहे. या प्रकल्पाचे महत्त्व निर्विवाद आहे.

तथापि त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावी, हे स्पष्ट असावे. तीन किलोमीटर खोलीवर जलदाबाच्या पद्धतीने काढलेल्या प्रतिबलात काही मेगापास्कलची अनिश्चितता राहतेच. याउलट, भूकंपाच्या स्थानावर परिणाम करणारा बदल किती लहान असू शकतो? एका भूकंपाने शेजारच्या भ्रंशांवर होणाऱ्या बदलाचे जे गणित १९९२ च्या कॅलिफोर्नियातील लँडर्स भूकंपानंतर रूढ झाले, त्यात ०.०१ मेगापास्कल एवढ्या वाढीलाही अर्थ असल्याचे दिसून आले. म्हणजे ज्या राशीच्या मापनात काही मेगापास्कलची चूक संभवते, तिच्यातील शतांश मेगापास्कलचा बदल निर्णायक ठरू शकतो. वजनाच्या काट्यात किलोची चूक असताना त्यावर सोने तोलण्यासारखा हा प्रकार आहे. एखाद्या भ्रंशावर शिल्लक अंतर नेमके किती आहे, हे सांगणे म्हणूनच आज शक्य नाही. कोयनेत त्यात आणखी एक भर पडते. अनेक धक्के तीन किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर होतात. तेथील प्रतिबल वरच्या मापनावरून पुढे वाढवूनच काढावे लागते.

७. किल्लारी : विकृती नसली म्हणजे प्रतिबल नाही काय?

मापनाच्या मर्यादेचे दुसरे अंग किल्लारीने उघड केले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या ६.२ परिमाणाच्या या भूकंपात सुमारे आठ ते दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि किल्लारीचा समावेश तिसऱ्या क्षेत्रात झाला. कोयनेत खंड आडवे सरकले होते. किल्लारीत एक खंड दुसऱ्यावर चढला. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाकडेही काही अभ्यासकांनी बोट दाखविले, परंतु तेथील पुरावा कोयनेइतका सबळ नाही.

येथे लक्षात घेण्याजोगा मुद्दा वेगळाच आहे. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या मापनांनुसार द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील विकृती वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरहून कमी, म्हणजे मोजता येईल न येईल इतकी आहे. विकृती मंद आहे म्हणून प्रतिबल कमी आहे, असा निष्कर्ष यातून सहज काढला जातो. तो चुकीचा आहे. विकृतीचा वेग हा प्रतिबल किती वेगाने बदलत आहे, एवढेच सांगतो. आजवर किती साठले आहे, याविषयी तो मौन बाळगतो. ज्या भिंतीवर शतकानुशतके भार आहे, ती आज हलत नाही म्हणून भाररहित ठरत नाही. 'स्थिर प्रदेश' ही संज्ञा हालचालीच्या मंदपणाचे वर्णन म्हणून स्वीकारार्ह आहे. सुरक्षिततेची हमी म्हणून ती वापरणे किती महाग पडते, हे किल्लारीने दाखविले.

८. भाकिताविषयी

प्रतिबलाच्या अभ्यासावरून भूकंपाचे भाकीत करता येईल काय, हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. या बाबतीत दोन उदाहरणे एकत्र पाहणे उद्बोधक ठरेल. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड येथे १८५७ ते १९६६ या काळात साधारण २२ वर्षांच्या अंतराने सहा भूकंप झाल्याचे पाहून पुढील भूकंप १९८८ च्या सुमारास, फार तर १९९३ पूर्वी होईल, असे वर्तविण्यात आले. तेथे उपकरणांचे दाट जाळे उभारले गेले. भूकंप झाला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. दुसरीकडे, स्टाइन, बार्का आणि डिटरिच यांनी १९९७ मध्ये तुर्कस्तानातील उत्तर अनातोलियन भ्रंशावर एका भूकंपाने दुसऱ्या भागावरचे प्रतिबल कसे वाढविले, याचे गणित करून इझमित परिसर धोक्याचा ठरविला. १७ ऑगस्ट १९९९ रोजी तेथे विनाशकारी भूकंप झाला.

पार्कफील्डमध्ये जागा बरोबर ठरली, वेळ चुकली. इझमितमध्ये जागा बरोबर ठरली. वेळेविषयी मात्र केवळ तीस वर्षांच्या मुदतीतील संभाव्यता सांगण्यात आली होती. या दोहोंतून निघणारा निष्कर्ष एकच. प्रतिबलाचा अभ्यास 'कोठे' आणि 'कशा प्रकारे' या प्रश्नांची उत्तरे देण्यास समर्थ होत आहे. 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आवाक्यात नाही. ते का नाही, याचे कारण मागील विभागात आलेच आहे.

९. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रतिबलाचे प्रत्येक मूल्य हे अनुमान असते आणि ते ज्या गृहीतकांवर उभे असते, ती सोबत सांगितली तरच त्याला अर्थ राहतो. दिशेचे ज्ञान मूल्याच्या ज्ञानाहून पुष्कळ पुढे गेलेले आहे. कोयनेच्या भूकंपांची ऊर्जा निसर्गाची असली तरी त्यांना चालना देण्यातील जलाशयांचा वाटा नाकारता येत नाही. लहान धक्क्यांनी मोठा भूकंप टळतो, या समजुतीस आधार नाही.

विज्ञानातील अनिश्चितता सांगितली तर लोकांचा विज्ञानावरील विश्वास उडेल, अशी भीती कधीकधी व्यक्त केली जाते. महाराष्ट्राचा अनुभव याच्या उलट आहे. येथे जीवितहानीला साहाय्यभूत झाली ती अवाजवी निश्चिती. पठार स्थिर आहे, ही निश्चिती कोयनेत कोसळली आणि सव्वीस वर्षांनी पुन्हा किल्लारीत कोसळली. शिल्लक अंतर ठाऊक नाही, असे प्रामाणिकपणे मान्य केले तर त्यातून निघणारे कर्तव्य अगदी स्पष्ट आहे. घरे भूकंपाला तोंड देऊ शकतील अशी बांधणे, धरणांची तपासणी व मजबुतीकरण चालू ठेवणे आणि जलाशयाची पातळी चढविण्याच्या वेगावर लक्ष ठेवणे, ही कामे भूकंपाची तारीख ठाऊक नसतानाच करावयाची असतात.

भूगोल, भूशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विषयांच्या अध्यापकांवर या संदर्भात विशेष जबाबदारी येते. आपल्या वर्गातील विद्यार्थी पाटण, कराड, चिपळूण वा औसा-उमरगा परिसरातले असतील तर हा विषय त्यांच्या घराच्या भिंतींशी जोडलेला आहे. "धरणामुळे भूकंप होतो का, सर?" या प्रश्नाला होय-नाहीत उत्तर देण्याऐवजी, काय मोजले जाते, त्यावरून काय काढले जाते आणि त्यात चूक किती संभवते, हे तीन टप्पे फळ्यावर मांडून दाखविले, तर विद्यार्थ्यास उत्तरासोबत ते तपासण्याची रीतही मिळेल. कोयनेच्या छिद्रातून पुढील काळात नवे आकडे येत राहतील. ते वाचणाऱ्याने प्रत्येक आकड्यासोबत त्याची अनिश्चितता विचारण्याची सवय लावून घेतली, तर साठ वर्षांच्या या वादातून महाराष्ट्राने काही कमावले, असे म्हणता येईल.